लाभपाचमीपर्यंत

सुरतेहून परत आल्यापासून शाळेत, पोस्टात, पिठाच्या गिरणीत, भेटेल ती बाई एकच विचारते, "घारी आणलीत का?" सुरतेची ती तुपातली मिठाई मी नाही आणली. दरवर्षी सुट्टीत कुठंतरी जाऊन यायचं आणि आल्यावर शाळेच्या वार्षिकात चार पानं लिहायची ही माझी जुनी खोड. मुली ती पानं वाचतात की नाही देव जाणे, त्यांच्या आया मात्र वाचतात आणि मग रस्त्यात अडवून विचारतात, तिथली साडी कशी, तिथं खायला काय मिळतं. यंदाची पानं वार्षिकात छापता येणार नाहीत. तरी लिहिते आहे, कारण न लिहिता जमेना.

मी अमळनेरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. एकटी राहते. सासर मी केलंच नाही, त्यामुळे माहेर म्हणायचीही सोय नाही, पण आईवडील गेल्यावर धाकट्या भावाच्या सुरतेतल्या दोन खोल्या हेच माझं माहेर झालं. शशी तिथं एका बँकेत आहे. मुंबई राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा "आता तुमचं कसं होणार" असं इथल्या लोकांनी त्याला फार विचारलं होतं. त्याचं काही झालं नाही, तो गुजराथी जेवण जेवून जाडा झाला. बायको नलिनी, आणि मुलगी मनू, अजून तीन वर्षांचीही नाही. उन्हाळ्यात गेले होते तेव्हा मनूला एक वेड लागलेलं होतं. घराला सुरतेच्या पद्धतीचा उभा लाकडी जिना आहे, त्यावर पाऊल वाजलं की ती हातातलं सोडून कान टवकारायची आणि सांगायची, "बाबा." "कांतामाशी." "दूधवाला." एकदाही चुकली नाही. निघताना मी तिला म्हटलं होतं, दिवाळीत येईन तेव्हा मलाही ओळखायचं हं.

तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली तशी निघाले. भाऊबीजेला शशीला ओवाळायचं, डुमसचा समुद्र बघायचा आणि पोटभर खायचं, एवढाच बेत. तापीकाठच्या लाइनीवर माझी गाडी जवळजवळ रिकामी होती. नंदुरबारला समोरून सुरतेची गाडी आली, तिच्या दारादारांतून माणसं लोंबत होती. सगळे आपले खान्देशी, सुरतेच्या मागांवर राबणारे, दिवाळीला गावी निघालेले. खिडकीत बसलेल्या एका बाईनं मला हाक मारून विचारलं, "कोठे चालनात, बाई?"

"सुरतले."

"आते? दिवाईमां?" ती हसायलाच लागली. "तठे ते कोनीच नही शे!"

मीही हसले. पुढं बारडोलीला उसाच्या मळीचा आंबूस वास डब्यात भरला आणि मला गूळपोळी आठवून भूक लागली.

धनतेरस

स्टेशनवर शशी एकटाच आला होता. "मनू जरा किरकिर करतेय, ताई. मुदतीचा ताप आहे. मुदत भरली की उतरेल," तो म्हणाला आणि लगेच मला घोडागाडीतून दुकानं दाखवायला लागला. रस्ताभर पणत्या, तोरणं, फटाक्यांच्या गाड्या. घारीची खरी मजा चांदनी पडव्याला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा अख्खं गाव गच्चीवर बसून घारी आणि भूसुं, म्हणजे फरसाण, खातं, असं सांगत त्यानं एका मिठाईच्या दुकानापाशी गाडी थांबवली. बोटभर तुपात बुडालेली ती घारी मी उभ्या उभ्या खाल्ली. खोटं कशाला सांगू, फार आवडली. "सूरतनुं जमण ने काशीनुं मरण," शशी नेहमीसारखा म्हणाला, जेवण सुरतेचं आणि मरण काशीचं.

जिना चढताना मी मुद्दाम चपला आपटत गेले. वरून काही आवाज आला नाही. दारापाशी पोचले तेव्हा कुठं आतून अगदी बारीक ऐकू आलं, "आत्या." ओळखलं होतं पोरीनं. मी आत गेले आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. मनू भिंतीकडे तोंड करून निजली होती. गालाची हाडं वर आलेली, केस घामानं चिकटलेले. मी खिडकी उघडायला गेले तर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि कण्हली.

"उजेड नको म्हणते, वन्सं," नलू हळूच म्हणाली.

ताप नवरात्रापासून होता. मध्येच उतरायचा, परत यायचा. सकाळी उठल्या उठल्या ओकारी. आधी जंतांचं औषध झालं, मग मुदतीचा ताप ठरला. कोनाड्यात लाल मिक्श्चरची बाटली होती, बाजूला खाचांची कागदी पट्टी चिकटवलेली, शेवटची एकच खाच उरलेली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आपले डॉक्टर गावी गेलेत ना, कोकणात. लाभपाचमीला येतील," शशी म्हणाला. "पाचमीपर्यंत इथं कोणाचाच दवाखाना उघडत नाही म्हण. इथली रीतच आहे ती." लाभपाचम म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमी, त्या दिवशी गुजराथी लोक नव्या वर्षाची कामं सुरू करतात.

त्या आळीत सात-आठ मराठी बिऱ्हाडं, त्यांचे हे "आपले डॉक्टर". पाटीवर त्यांचं नाव आहे, पण ते नाव कोणी घेत नाही. पोस्टातल्याची बायको बाळंत झाली ती त्यांच्या हातची, मास्तरांचा दमा त्यांच्याच औषधावर. ते पुड्या बांधता बांधता घरचं विचारतात, गावाकडच्या पावसाचं विचारतात. परमुलखात माणसाला असा एक आधार लागतो, हे मला कळतं. पण मी त्या पोरीचा हात हातात घेतला तेव्हा तिची बांगडी थेट कोपरापर्यंत सरकली.

काळी चौदस

आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आणि कारिट फोडणं. इथं संध्याकाळी बायका उडदाचे वडे तळून चौकात ठेवतात, भोवती पाणी फिरवतात आणि मागं न बघता घरी येतात. घरातला ककळाट, म्हणजे भांडणतंटा आणि पीडा, बाहेर जातो म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या कांताबेन, मनूच्या कांतामाशी, एक वडा मनूवरून उतरवून घेऊन गेल्या. जाड, घामेजलेली, मायाळू बाई. मी भूगोलाची मास्तरीण, पण त्या वड्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

दुपारी शशीनं मला बळंच तापी दाखवायला नेलं. "तू घरात बसून ती बरी होणार आहे का?" म्हणाला. किल्ल्याजवळच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, उभे राहिलो. आमच्याकडे हीच तापी उन्हाळ्यात गुडघाभर असते. इथं तिचं पात्र नजरेत मावत नाही, आणि भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी आत घुसलं की नदी चक्क उलटी वाहू लागते. वर्गात मी हे फळ्यावर बाण काढून शिकवलेलं आहे. प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिलं. एरवी मी मुलीसारखी टाळ्या वाजवल्या असत्या. त्या दिवशी मला शशीचाच राग येत राहिला.

"शशी, दुसरा कुणी तरी डॉक्टर बघू."

"ताई, तू काल आलीस. आपल्या डॉक्टरांना तिची प्रकृती जन्मापासून माहीत आहे. नवीन माणूस पहिल्यापासून सुरुवात करणार, भलती इंजेक्शनं ठोकणार. चार दिवसांचा तर प्रश्न आहे." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि सणासुदीला कुणाचं दार ठोठवायचं?"

परतताना त्यानं खमण ढोकळा घेऊन दिला, तो मी तसाच कागदात बांधून घरी आणला.

दिवाळी

संध्याकाळी फटाके सुरू झाले आणि मनू किंचाळायला लागली. लहान मुलं भितात, ते मला माहीत आहे. हे भिणं नव्हतं. प्रत्येक आवाज तिच्या डोक्यात घुसतो आहे असं ती दोन्ही हातांनी डोकं धरून किंचाळत होती. नलूनं कानांत कापूस घातला, वरून टॉवेल बांधला, दारं लावली. तरी लवंगीची एखादी माळ लागली की तिचं सगळं अंग कडक व्हायचं. मी खिडकीतून खालच्या पोरांवर ओरडले. त्यांनी वर बघून "साल मुबारक, बेन!" म्हटलं आणि पुन्हा वात पेटवली. त्यांची तरी काय चूक, सण त्यांचा होता.

नलूपुढं मी हात जोडले. "नलू, अगं, कोपऱ्यावरच त्या गुजराथी डॉक्टरांचा दवाखाना आहे. वर राहतात ना ते? हाक मारू."

नलू रडायला लागली. "वन्सं, त्यांना मी काय सांगू? मला भाजीवालीशी बोलता येतं हो गुजराथी. पण ही कण्हते, हिला मळमळतं, ही गळून गेलीये, हिच्यात हीच राहिली नाही, हे मी कसं सांगू त्यांना? दुखणं सांगायला आपली भाषा लागते. ते हो हो म्हणतील आणि काहीतरी देतील. मला भीती वाटते."

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. मला नाही वाटलं. पण त्या वेळी मला असं वाटलं की आपण तिघं शिकलेली माणसं एका पोरीच्या उशाशी बसून नुसती वाट बघतो आहोत, आणि वाट बघण्यासारखं काहीच येणार नाही आहे.

बेसतुं वरस

गुजराथ्यांचं नवं वर्ष पाडव्याला लागतं. पहाटे "सबरस! सबरस!" अशा आरोळ्या येतात, म्हणजे मीठ विकणारे. वर्षाची पहिली खरेदी मिठाची. कांताबेननी आमच्यासाठीही चिमूटभर मीठ आणून उंबऱ्यात ठेवलं. मी ते उचलायला वाकले तेव्हा पाठीमागून नलूची हाक आली, आणि तिच्या आवाजावरूनच मला कळलं.

मनूचा डावा डोळा नाकाकडे वळला होता. मान मागं ताणलेली. हाक मारली की पापणी हलायची, बस्स. आता मी कुणाला विचारलं नाही. तिला चादरीत गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि जिना उतरू लागले. शशी शर्टाची बटणं लावत मागं आला, त्याच्यामागं नलू. खाली कांताबेन नवी साडी नेसून, कुंकवाची थाळी घेऊन दारात उभ्या होत्या.

"दवाखाने? आजे?" त्या आडव्याच झाल्या. "आजे नी जवाय, बेन! सपरमो दहाडो छे. आजे दवाखानानुं पगथियुं चड्या तो आखुं वरस दवाखानुं पाछळ पडे."

वर्षाच्या पहिल्या दिवशी जे कराल ते वर्षभर करावं लागतं, अशी त्यांची समजूत. मी नुसती चादर बाजूला केली. त्यांनी मनूचा डोळा पाहिला. "हाय हाय, मारी बेन," एवढंच म्हणाल्या, थाळी पायरीवर ठेवली आणि आमच्या पुढं चालू लागल्या.

कोपऱ्यावरच्या दवाखान्याला कुलूप होतं. दारावर झेंडूचं तोरण आणि खडूनं लिहिलेलं, लाभपाचमीपर्यंत बंद. कांताबेननी शेजारचा जिना धडाधड चढून दार वाजवलं. आत बैठकीत पंधरा-वीस माणसं, सगळी नव्या कपड्यांत, मध्ये ताटांत मठिया आणि घुघरा. डॉक्टर रेशमी झब्ब्यात बसलेले. आम्हाला बघून हात जोडून उठले, "साल मुबारक, आवो आवो," म्हणत मुखवासाची डबी पुढं केली. मग खांद्यावर काय आहे ते त्यांनी पाहिलं. डबी ठेवली, मनूला गादीवर आडवी केली आणि डोक्याखाली हात घालून मान उचलायला गेले. मान वाकली नाही, पोरीची पाठच वर आली.

"कितने दिन से?" त्यांनी विचारलं. शशीनं सांगितलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. "मैं तो यहीं ऊपर था, भाई," म्हणाले. आपल्या जावयाला त्यांनी गाडी काढायला सांगितली आणि त्याच झब्ब्यात आमच्याबरोबर मोठ्या सरकारी इस्पितळात आले. एक शब्द गुजराथीत की मराठीत सांगायची वेळच आली नाही.

इस्पितळातले तरुण डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या वेष्टनाला सूज दिसते. कशानं आली ते कळायला पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढून बघावं लागेल, आजच. त्यासाठी बापाची सही हवी. आणि तिथं शशी पुन्हा अडला.

"पाठीत सुई? नको. आमच्या बँकेतल्या एकाच्या भाच्याला अशीच सुई दिली, तो कायमचा पांगळा झाला. आपले डॉक्टर येऊ देत, त्यांना विचारून करू."

"शशी!"

"ताई, ती माझी मुलगी आहे."

नलू तर खाटेवर पालथीच पडली, मनूला झाकून. "सुई नको हो, सुई नको," एवढंच म्हणत होती. मी डॉक्टरांना म्हटलं, द्या, मी करते सही. मोडक्या हिंदीत सांगितलं, मी आत्या आहे, शिक्षिका आहे, जबाबदारी घेते. त्यांनी मान हलवली. "फोई की सही नहीं चलेगी, बेन. तब तक अंदाज से दवा देते हैं. लेकिन अंदाज, अंदाज होता है." मला त्या क्षणी भावाच्या आणि वहिनीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी दोघांना पोटाशीही धरावंसं वाटलं. दिवसभर मी भांडले, समजावलं, रडले. शशी भिंतीला टेकून उभा राहून एकच म्हणत राहिला, पाचमीपर्यंत.

भाऊबीज

सकाळी कांताबेन डबा घेऊन आल्या, त्यांच्या पिशवीत मी मागवलेलं ताम्हण होतं. वऱ्हांड्यात बाकावर शशीला बसवलं. रात्रभर जागून त्याचे डोळे सुजलेले होते. नर्स धावत आली, इथं दिवा लावायचा नाही म्हणाली. तेव्हा निरांजन तसंच विझलेलं ठेवलं. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि बोटातली अंगठी घेऊन ओवाळलं. येणारे-जाणारे बघत होते.

शशीनं सवयीनं खिशात हात घातला.

"पैसे नकोत," मी म्हटलं. "मागेन ते घाल."

"काय?"

"सही."

तो माझ्याकडे बघत राहिला. आई गेली त्या वर्षी तो कॉलेजात होता. त्या भाऊबीजेला त्याच्याजवळ काही नव्हतं, तेव्हा तो म्हणाला होता, ताई, पुढं कधीही माग, नाही म्हणणार नाही. मी आजवर काही मागितलं नव्हतं. त्याची आठवण करून द्यावी लागली नाही. त्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं. मग उठून आत गेला आणि सही केली. ताम्हण माझ्या हातात रिकामंच होतं.

सुई टोचताना मनू रडलीही नाही. नलू वऱ्हांड्याच्या टोकाला कान झाकून उभी होती. पाण्यावरून डॉक्टरांना जे वाटलं ते त्यांनी संध्याकाळी सांगितलं. क्षय. मेंदूच्या वेष्टनापर्यंत पोचलेला. छोट्या पोराला क्षय होतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आता औषधं, रोज सुया, कित्येक महिने. "वाचेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "जरा पहले आते," आणि वाक्य अर्धंच सोडून पुढच्या खाटेकडे गेले. उरलेलं वाक्य मी रात्रभर मनात पुरं करत होते.

लाभपाचम

दवाखाने उघडले. दुकानांतून पूजा झाल्या, नवे भाव सुरू झाले. आपले डॉक्टर स्टेशनवरून घरी गेले तिथं त्यांना कळलं, तसे ते बॅग घेऊन थेट इस्पितळात आले. बुटके, टक्कल पडलेले, कपाळावर गंध. त्यांना बघताच नलू बांध फुटल्यासारखी रडली. शशी उठून उभा राहिला. त्या दोघांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की मलाही क्षणभर वाटलं, आता सगळं ठीक होणार.

डॉक्टरांनी मनूला पाहिलं, कागद वाचले. चष्मा काढून पुसला. मग शशीला म्हणाले, "मी निघताना तुम्हाला सांगितलं होतं ना, ताप चार दिवसांत उतरला नाही तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून? मी त्यांच्याशी बोलूनही ठेवलं होतं."

शशी खाली बघत म्हणाला, "म्हटलं, तुम्ही येताच आहात."

"अहो, ते माझे गुरू आहेत," आपले डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी असतो तरी त्यांनाच विचारलं असतं."

नलूनं डोळे पुसले आणि मनूची चादर सरळ करत राहिली. ती सरळच होती. मला देवाचा राग आला, भावाचा राग आला, त्या चांगल्या बुटक्या माणसाचाही आला. आपलं आपलं म्हणून आपण ज्याला धरून बसतो त्याचं म्हणणं तरी आपण ऐकतो का? पण हे विचारायचं कुणाला? शशी बाकावर बसला होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

देवदिवाळी

माझी सुट्टी संपत आली तरी मी शाळेला तार करून राहिले. ताप हळूहळू उतरला. मनूनं डोळे उघडले. चमच्यानं पाणी घेऊ लागली, मग पेज. डोळा थोडा सरळ झाला. समोर चेहरा नेला की ओळखल्यासारखं ओठ हलवायची. बोलत मात्र नव्हती. अशक्तपणा आहे, येईल सगळं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. नलू दिवसभर तिच्याशी बोलायची, आळीतल्या गमती, दूधवाल्याची नक्कल, "कोण आलं सांग बघू?" उत्तर मिळालं नाही तरी बोलायची. मीही रोज वॉर्डात शिरताना चपला आपटत यायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि मला वाटायचं, झोपली असेल.

आपली देवदिवाळी मार्गशीर्षात. सुरतेची कार्तिकी पौर्णिमेला, आपण त्रिपुर लावतो त्या दिवशी. हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी एकदम फटाके सुरू झाले तेव्हा मी दचकले. इस्पितळाच्या मागच्या आळीत कुणीतरी मोठी माळ लावली होती. वॉर्डातली पोरं भराभर जागी होऊन रडायला लागली. पलीकडच्या खाटेवरचं तान्हं किंचाळलं. आया उठल्या, खिडक्या आपटल्या. मी धावत मनूकडे गेले, तिचे कान झाकायला हात पुढं केले.

मनू जागी होती. उताणी पडून छताच्या पंख्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. बाहेर एक सुतळी बाँब उडाला, काचा हलल्या, तरी ती पंख्याकडेच बघत होती.

"वन्सं!" नलूनं माझा दंड धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती. "बघा, बघा, आता फटाक्यांना भीत नाही! तेव्हा कशी करत होती, आठवतं ना? बरी झाली हो माझी पोर!" तिनं मनूच्या कपाळाचा मुका घेतला. शशी दारातून आत येत होता, तोही ते ऐकून हसला.

मी खाटेच्या डोक्याकडे गेले. तिथं स्टुलावर पेजेचं पितळी भांडं होतं. मनूला दिसणार नाही असं ते हातात घेतलं आणि फरशीवर सोडलं.

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. पलीकडचं तान्हं पुन्हा रडू लागलं. मनूनं आईच्या मंगळसूत्राशी खेळायला हात वर केला होता, तो तसाच खेळत राहिला.

"काय पडलं हो?" नलूनं मागं न बघताच विचारलं.

शशी माझ्याकडे बघत होता. त्याचं हसू गेलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "हातातून निसटलं."